मिस्तरींची कात्री

मिस्तरींनी माझ्या हातमोज्यात जिवंत मुंगळा सोडला, तीच आमची पहिली ओळख.

नगरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर म्हणून नुकतीच लागले होते. वय चोवीस, गाव नेवासा तालुक्यातलं, डिप्लोमाची शाई ओली आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फौंड्रीत लोखंड वितळवतात आणि वाळूच्या साच्यांत ओतून पंपाचे, मोटारीचे भाग काढतात. त्या वितळलेल्या लोखंडाला तिथं सगळे रस म्हणतात. पहिल्या दिवशी मला आपला उसाचाच रस आठवला. हा रस ज्या भल्या मोठ्या पळीतून ओततात ती लॅडल. तिला दोन बाजूंना दोन लांब दांडे, एकेका बाजूला एकेक गडी, आणि दोघांनी पावलाला पाऊल मिळवून ती साच्यापर्यंत न्यायची. ओतणाऱ्यांच्या या लाइनीवर मिस्तरींचं राज्य. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी तोंडाने घेतलेलं मी ऐकलं नाही.

मी मोठ्या हौसेनं नवे हातमोजे मागवले होते. मऊ कातडी, बोटांना बरोबर बसणारे, मनगटाशी छान इलॅस्टिक. मिस्तरींनी एक जोडी उलटीपालटी करून बघितली आणि मलाच घालायला सांगितली. मी ऐटीत घातली. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एका बोटानं माझं इलॅस्टिक उचललं, पेटीतलं काहीतरी आत टाकलं आणि ओरडले, "झटक!"

आत काय चाललंय ते मला लगेच कळलं. मी हात झटकला, आपटला, मांडीवर घासला. दुसऱ्या हातातही मोजा, त्यामुळे पहिल्याची कड काही चिमटीत येईना. शेवटी दातांनी ओढून काढला तेव्हा एक काळा टपोरा मुंगळा माझ्या करंगळीच्या मुळाशी लटकलेला होता. वीस गडी भिंतीकडं तोंड करून हसत होते. मिस्तरी तेवढे हसले नाहीत. "मुंगळा हुता म्हनून थेंबभर रगत आलं, म्याडम," ते म्हणाले. "रस असता तर हात गेला असता. हे मोजे परत धाडा." आठ दिवस मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही. मोजे मात्र परत धाडले.

तो मुंगळा काही खास माझ्यासाठी आणलेला नव्हता. नव्या माणसाला मुंगळा हा त्यांचा नेमच होता. काडेपेटीत गुळाचा खडा टाकून ते दोन-तीन मुंगळे बाळगायचे, लोक तंबाखू बाळगतात तसे. लाइनीवरच्या प्रत्येकाला त्याच्या मापापेक्षा एक नंबर मोठा, कोपरापर्यंतचा, ढगळ चामडी मोजा. नवा मोजा कडक असतो, म्हणून ते तो आधी स्वतः दोन दिवस वापरायचे, मळायचे, रात्री अंथरुणाखाली ठेवायचे आणि सैल पडला की मगच दुसऱ्याला द्यायचे. "हातमोजा पावन्यावानी असावा," असं त्यांचं म्हणणं. "आला तर बरं. गेला तर त्याहून बरं."

आणि ते झटक! कधी ओरडतील याचा नेम नव्हता. भट्टीपाशी, वाळू चाळताना, कँटीनच्या दारात, कुठंही. ओरडले की सगळ्यांनी हात खाली करून एकच हिसका द्यायचा आणि मोजा जमिनीवर पडला पाहिजे. दुसरा हात लावायचा नाही. कुणी लावलाच तर त्या दिवशी त्याला ओतायला मनाई, जायचं वाळू चाळायला. मी एकदा विचारलं, की अहो, दुसऱ्या हातानं ओढून काढला तर काय बिघडलं? "दुसरा हात मोकळा असंलच असं कोन म्हनलं?" एवढं बोलून ते निघून गेले. नीट उत्तर द्यायची सवयच नव्हती माणसाला.

शर्टाच्या खिशात सुतळीला बांधलेली एक छोटी कात्री. शाळेत मास्तर नखं बघतात तसे ते रोज सकाळी सगळ्यांची मनगटं बघायचे. वाळूचे कण मोज्यात जातात, घामानं चिकटतात, खाज सुटते, म्हणून गडी मोज्याच्या तोंडाला सुतळी बांधायचे. मिस्तरी न बोलता कच्चकन कापायचे. घड्याळ नको, कडं नको, गंडा-दोरा नको. एका गड्याचं लग्न झालं आणि तो चौथ्या दिवशी हळदीचं काकण बांधूनच कामावर आला. त्याला मिस्तरींनी गेटावरूनच परत पाठवलं. काकण सोडायला मुलीकडची माणसं यायची होती आणि ती काही लवकर येईनात. नवरदेव आठवडाभर घरी. त्याची बायको म्हणे मिस्तरींच्या नावानं देवाला नारळ फोडणार होती, कारण एवढी सुट्टी तिच्या नवऱ्याला एरवी कुणी दिली नसती.

असा माणूस लांबून गमतीचा वाटतो. रोज त्याच्याबरोबर काम करायचं तर डोक्यात जातो. मी कागदावर सगळं नीट लिहायची, तक्ते लावायची, प्रशिक्षण घ्यायची, आणि माणसं ऐकायची कुणाचं? काडेपेटीतल्या मुंगळ्याचं. मला ते झोंबायचं, खोटं कशाला बोलू.

राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस मिस्तरींच्या लाइनीवर सगळ्यात वाईट. गडी हातात राख्या बांधून यायचे आणि मिस्तरी गेटाच्या आत कात्री घेऊन उभे. एकेकाची राखी कापायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. सोडायची नाही, कापायची. बहिणीची गाठ सुटत नाही, सोडत बसलं की पाळी जाते आणि मन मागं ओढतं, असं ते म्हणायचे. माणसं तोंड कडू करून हात पुढं करायची. मी आले त्या वर्षी हे पाहिलं आणि मला किळस आली. राखी आपोआप तुटेपर्यंत ठेवतात, नाहीतर नदीत सोडतात. ती अशी सुतळीसारखी कापायची? मी मॅनेजरसाहेबांना बोललेही. ते म्हणाले, त्यांच्या लाइनीवर भाजल्याची नोंद नाही ना, मग आपण कशाला बोलायचं.

पुढच्या वर्षी गोरखनं हात पुढं केला नाही.

गोरख ओतणाऱ्यांतला सगळ्यात शांत गडी. त्याच्या बहिणीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं, आणि सहा वर्षं तिचं माहेर बंद होतं. त्या वर्षी ती आपणहून आली, भावाला राखी बांधली, रडली, आणि म्हणाली, ही आपोआप तुटेपर्यंत काढू नकोस. चांगली जरीची, मधे फूल असलेली राखी. हे सगळं त्यानं मला त्याच सकाळी सांगितलं, आणि सांगताना मूठ अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

"म्या कापू देनार न्हाई," गोरख म्हणाला.

"मग वाळू चाळ," मिस्तरी म्हणाले.

इथवर नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी ओतणारे दोन गडी सणाला गेले ते परतलेच नव्हते. एकाच्या जागी मिस्तरी स्वतः लॅडल धरणार होते, आणि त्यांच्या समोरच्या टोकाला गोरखच. ओतता येणारं दुसरं कुणी नव्हतं. वर भट्टीवाला ओरडायला लागला, रस तयार आहे. रस तयार झाला की तो कुणासाठी थांबत नाही. थंड पडला की साचे अर्धे भरतात आणि सगळा माल भंगारात. मॅनेजरसाहेबांचा फोन माझ्या कानाला होता. काय चाललंय खाली, हा एकच प्रश्न त्यांनी तीनदा विचारला होता.

सगळे गडी गोळा झाले. या खेपेला कुणी मिस्तरींच्या बाजूनं नव्हतं. वर्षानुवर्षं कापलेल्या सगळ्या राख्या त्या एका राखीच्या मागं उभ्या राहिल्या. एकजण मागून म्हणाला, म्हाताऱ्याला बहीण नाही वाटतं. कात्री उघडी धरून मिस्तरी गोरखच्या मनगटाकडं बघत होते. मी गोरखचा चेहरा पाहिला, वर भट्टी पाहिली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझी करंगळीही आठवली. सेफ्टी ऑफिसर मी आहे की हे?

"गोरख, राखीवरून मोजा घाल," मी म्हणाले. "आणि ओता. जबाबदारी माझी."

मिस्तरींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"हात त्याचा हाय, म्याडम. जबाबदारी तुमची कशी?"

मी नुसतं घड्याळ दाखवलं. मला वाटलं ते निघून जातील. गेले नाहीत. त्यांनी कात्री मिटून खिशात टाकली, मोजे घातले आणि लॅडलच्या दांड्याशी जाऊन उभे राहिले.

चौदा साचे होते. तेवढं ओतायला जो वेळ लागला तो मी पुढं कधी विसरले नाही. एरवी मिस्तरी ओतताना साच्याच्या तोंडाकडं बघायचे, धार कशी पडते ते बघायचे. त्या दिवशी त्यांची नजर एकदाही रसावर नव्हती. ते सारखे गोरखच्या उजव्या मनगटाकडं बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. पहिला साचा, दुसरा, तिसरा. नवव्या साच्यात कुठंतरी ओल राहिली असावी, तो फसफसला आणि रसाचे थेंब उडाले. गोरख दचकला. मिस्तरींच्या तोंडून एक आवाज आला, शब्द नव्हता तो. लॅडल तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली. मग दहावा, अकरावा, आणि शेवटचा.

काही झालं नाही. गड्यांनी सुस्कारे सोडले, कुणीतरी गोरखच्या पाठीवर थाप मारली. मी मॅनेजरसाहेबांना फोनवर सांगितलं, झालं सर, सगळं व्यवस्थित. मिस्तरी वाळूच्या ढिगावर बसले होते. थोड्या वेळानं उठून ते माझ्यापाशी आले, सुतळीसकट कात्री माझ्या तळहातावर ठेवली.

"आज वाचला," म्हणाले. "रोज काय हुत न्हाई. एक दिस हुतं. त्या दिसाला आता तुमी बगा."

आणि गेले. जुनी मोपेड दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली, आणि गेटाबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला, वहीच्या पानावर दोन ओळींचा.

आधी लाइनीवर सगळ्यांना मोकळं वाटलं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी मनगटं बघत नव्हतं. मलाही वाटलं, बरं झालं, आता माझ्या पद्धतीनं काम होईल. चौथ्या दिवशी मला एकाच्या मोज्याच्या तोंडाला सुतळी दिसली. मग दुसऱ्याच्या. मी सोडायला सांगितलं तर हसून म्हणाले, म्याडम, तुम्ही पण का? कात्री माझ्या ओव्हरऑलच्या खिशात होती. काढायचा धीर झाला नाही.

त्या दुपारी गोरखचा मोजा वाळत ठेवलेला होता. मी सहज हातात घेतला. तोंडाच्या कडेपासून बोटभर खाली, बाहेरच्या बाजूला, चामडं वाटाण्याएवढं जळून काळं पडलं होतं. नवव्या साच्याचा थेंब. बोटभर वर पडला असता तर आत गेला असता. मी कितीतरी वेळ तो डाग अंगठ्यानं चोळत उभी होते, जसा काही पुसला जाणार होता.

पाळी सुरू झाली, सगळ्यांनी मोजे घातले. मला काय झालं कोण जाणे, मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "झटक!"

सवयीचे हात. एकाच हिसक्यात मोजे वाळूवर पडले. सुतळी बांधलेल्या दोघांचे अडकले, ते ओशाळून हसले. आणि गोरखचा मोजा मनगटावर लोंबत राहिला. त्यानं पुन्हा झटकला. तिसऱ्यांदा झटकला. राखीचं फूल आतल्या अस्तरात गुंतलं होतं आणि तो मोजा काही केल्या सुटत नव्हता. गोरखचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हळूच हात माझ्यापुढं केला. मला कापता आली नाही. मी त्याला वाळू चाळायला पाठवलं, सुट्टी टाकली आणि स्कूटर काढली.

मिस्तरींचं गाव हिवरे बाजारच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. घर साधं, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, कागदी लिंबाचं, फळांनी वाकलेलं. झाडाच्या आळ्यात ओल्या मातीतून काहीतरी चमकत होतं. वाकून पाहिलं तर जरीचे धागे, मण्यांचे तुकडे, एक रंग उडालेलं प्लॅस्टिकचं फूल. तो बिस्किटाचा डबा दरवर्षी कुठं रिकामा होतो ते मला तेव्हा कळलं. नदीला पाणी असेलच असं नाही, झाडाला तर ते रोज घालत होते. आणि मी त्या माणसाबद्दल काय काय बोलले होते!

मिस्तरी ओट्यावर बसले होते. या म्हणाले, बाकी काही नाही. आतून त्यांची बहीण आली, चाळिशी ओलांडलेली, बोलकी. राखीपौर्णिमेला आलेली, गोकुळाष्टमी करून जाणार होती. तिनं मला हाताला धरून बसवलं, चहा टाकला, मी कुणाची कोण, नेवाशाकडच्या कुठल्या गावची, सगळं विचारून घेतलं. तेवढ्यात मिस्तरींचा धाकटा भाऊ दुधाचा कॅन घेऊन आला. कॅन डाव्या हातात. राखीही डाव्या हातात. उजवी बाही मनगटापाशी संपत होती आणि पुढं काही नव्हतं.

माझी नजर तिथं अडकलेली बहिणीनं पाहिली.

"आदीच्या फौंड्रीत गेला त्येचा हात," ती म्हणाली. "दोगं भाव एकाच लायनीवर हुते. मेल्यांनी फाटका मोजा दिलता. राखीपुनवंच्या दुसऱ्याच दिशी बगा. मी आदल्या दिशी त्या हाताला राखी बांदली आन दुसऱ्या दिशी हातच न्हाई. त्या मोज्याला मी आजबी शिव्या देते."

धाकट्या भावानं कॅन खाली ठेवला आणि तो त्याच्या झाकणाकडं बघत राहिला. मिस्तरींनी कपबशी उचलली होती ती तशीच अधांतरी राहिली. मला गोरखचा लोंबता मोजा दिसत होता, आणि एका क्षणात सगळं लख्ख कळलं.

ती माझ्याकडं वळली. "तुमी शेफ्टीच्या म्याडम ना? तुमाला त्यातलं कळतं. सांगा बरं, मोजा फाटका असल्याबिगर असं हुईल का?"

मी तोवर एकाही अहवालात खोटं लिहिलं नव्हतं. त्याचा मला फार गर्व होता. मिस्तरी माझ्याकडं बघत होते. लॅडल धरताना गोरखच्या मनगटाकडं जसं बघत होते ना, तसंच.

"नाही होणार, ताई," मी म्हणाले. "मोजा फाटकाच असणार."

"बगा, मी म्हनत न्हवते," ती भावांना म्हणाली आणि समाधानानं आत गेली, साखर आणायला.

रस्त्यापर्यंत मिस्तरी मला सोडायला आले. मग त्यांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडं न बघता.

"मोजा नवा हुता. राखी अडकली. लॅडलच्या ह्या टोकाला मी, त्या टोकाला धाकला. थेंब आत गेला. मी सोडली असती तर सगळा रस त्येच्या अंगावर. त्यानं सोडली असती तर माज्या अंगावर. म्या नुस्तं वरडत हुतो, झटक, झटक. त्यो उजवा हात झटकत हुता, आन डाव्यानं दांडा धरून उभा हुता. मला भाजू नये म्हनून. साचं जवळ हुतं, तितवर गेलो, लॅडल टेकवली, मग मोजा कापला. तवा उशीर झालता."

दुसरा हात मोकळा असंलच असं कोन म्हनलं. वर्षभरापूर्वी मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं आणि मी ते वेड्याचं बोलणं समजले होते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, लाज न बाळगता. मिस्तरींना ते अवघड झालं. ते लिंबाच्या झाडाला यंदा किती लिंबं लागली ते सांगत बसले.

"तिला कळलं तर ती परत कुनाला राखी बांदायची न्हाई," शेवटी म्हणाले. "तुमी ठिवलं झाकून, लई उपकार झालं."

मी कात्री काढून त्यांच्यापुढं धरली आणि म्हटलं, चला मिस्तरी, माझं चुकलं. त्यांनी माझी मूठ मिटवली. म्हणाले, "येतो. पर कात्री तुमच्याकडंच राहू द्या. माजं मन आता कापाया घेत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते आले. गेटात शिरल्या शिरल्या सुतळीवाल्या दोघांना मुंगळा. गोरखनं त्या सकाळी राखी स्वतःच्या हातानं सोडून आणली होती, रुमालात बांधून. अर्धी रात्र लागली म्हणाला गाठ सोडायला.

पुढच्या राखीपौर्णिमेनंतर गेटाच्या आत डबा घेऊन मी उभी राहिले. माझ्यापुढं वीस गडी, वीस बहिणींच्या राख्या, आणि कुणीच पुढं येईना. तेवढ्यात मोपेड आली. मिस्तरी उतरले, रांगेत सगळ्यात पुढं येऊन उभे राहिले आणि बाही वर केली. त्यांच्या हातात राखी मी कधीच पाहिली नव्हती. दरवर्षी ते ती वेशीबाहेर येताच कापत असणार, कापताना बहिणीला दिसू नये आणि आम्हालाही दिसू नये म्हणून.

"कापा, म्याडम," ते म्हणाले. "ताईनं गाठ औंदा लई घट मारली."

मी कापली. त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या मागं गोरख होता, त्यानं हात पुढं केला. मग बाकीचे.

मिस्तरी गेल्या वर्षी रिटायर झाले. कात्री अजून माझ्या खिशात असते, आणि मुंगळे पाळायला मी शिकले आहे. परवा, दिवाळीच्या तोंडावर, त्यांच्या बहिणीचा फोन आला. दरवर्षी ती लिंबं पाठवते, मला वाटलं त्यासाठीच असेल. पण आवाजात काळजी होती.

"म्याडम, दादाला येड लागलं का वो?" ती विचारत होती. "दिवाळी आली तरी हातातली राखी काडंना. पार चिंधी झालीया. मी म्हनलं, काढ आता, तर म्हनतो, आपोआप तुटूस्तवर ठिवनार. सांगा की तुमी त्येला. तुमचं ऐकतो त्यो."

"राहू द्या, ताई," मी म्हणाले. "आता काही होत नाही."